भिंतीवरचा सातबारा : गणपतीच्या देखाव्यात आलेलं जायफळाचं बेट

नेदरलँड्समधल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका चित्राखालच्या आठ-दहा ओळींवरून जे झालं, त्याची ही नोंद. गाव, साल आणि माणसांची नावं गाळली आहेत. चित्र, त्यातलं बेट आणि बेटाचा इतिहास मात्र आहे तसाच ठेवला आहे. त्या ओळी मीच लिहिल्या होत्या, त्यामुळे पहिल्या चुकीचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय नाही.

पार्श्वभूमी

आमचा गणपती एका शनिवारचा. सकाळी प्रतिष्ठापना, दुपारी जेवणावळ, मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी आरती आणि उत्तरपूजा. रात्री नऊच्या आत हॉल झाडून द्यायचा. देखाव्याला दरवर्षी विषय असतो. त्या वर्षीचा विषय स्वयंपाकघरातून आला. मोदकाच्या सारणात जायफळ किती घालायचं यावरून बैठकीत दोन गट पडले, आणि वाद मिटवायला कुणीतरी म्हणालं, "ते येतं कुठून, हे तरी माहीत आहे का कुणाला?" विषय ठरला : मसाल्याची वाट.

सचिवांनी त्याच आठवड्यात दोन चित्रं शोधून आणली. दोन्ही अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संग्रहातली. हे संग्रहालय जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रती संकेतस्थळावर फुकट उपलब्ध करून देतं, त्यामुळे दोन मीटर रुंद कापडावर छापून घेणं आम्हाला परवडणारं होतं. एक चित्र बांदा नेराचं. इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या समुद्रातलं छोटंसं बेट पक्ष्याच्या नजरेनं पाहिलेलं : किल्ला, जहाजं, शेजारी ज्वालामुखीचा डोंगर. दुसरं विजापूरच्या राज्यातल्या रायबागचं. हो, आपलंच रायबाग, आज बेळगाव जिल्ह्यात आहे ते.

दोन्ही चित्रं एकाच मालिकेतली. १६६२-६३ च्या सुमारास काढलेली आणि योहानेस विंकबोन्स या नकाशाकाराच्या नावावर मानली जाणारी. कोचीन, कण्णूर, सयामची राजधानी अयुथ्या, चीनमधलं कँटन अशी भावंडंही या मालिकेत आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अॅम्स्टरडॅममधल्या मुख्य कचेरीत, जिथे कंपनीचे सतरा संचालक बैठकीला बसत, त्या दालनासाठी ही चित्रं होती. या संचालकांना डच लोक 'सतरा महाशय' म्हणत.

'बांदा' हे नाव ऐकताच आमच्यातल्या सिंधुदुर्गवाल्यांचे डोळे चमकले. त्यांना सावंतवाडीजवळचं बांदा आठवलं. "तिथे कुठला ज्वालामुखी?" इथपर्यंत गाडी गेली. या गोंधळाचा पुढे एक फायदा झाला. पाटीवर पहिल्याच ओळीत बेटाचा देश लिहायचा हे बिनविरोध ठरलं. एवढा एकच मुद्दा बिनविरोध ठरला.

पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलेला पहिला मसुदा असा :

"बांदा नेरा, इंडोनेशिया. सन १६६२-६३. जायफळ आणि जायपत्री यांचं माहेरघर. येथे आलेल्या चित्रकाराने टिपलेलं हे दृश्य. डच व्यापाऱ्यांनी किल्ले बांधून इथल्या मसाल्याच्या व्यापाराला शिस्त लावली आणि जायफळ जगाच्या स्वयंपाकघरात पोचवलं."

वाचायला छान वाटतं. समितीत सगळ्यांनी मान डोलावली.

अडचण

उत्सवाच्या तीन आठवडे आधी आमच्या मराठी शाळेतली एक मुलगी पाट्या वाचायचा सराव करत होती. वय पंधरा. जन्म इथलाच. मराठी बोलते झकास, वाचते अडखळत. 'शिस्त लावली' पाशी ती थांबली आणि तिनं विचारलं, "काका, शिस्त लावली म्हणजे नक्की काय केलं?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. ती म्हणाली, "पण १६२१ मध्ये तर त्यांनी तिथल्या लोकांना मारलं ना? आम्ही शाळेत कूनवर प्रोजेक्ट केलाय."

इथे एक गंमत लक्षात घ्यायला हवी. समितीत आम्ही नऊजण. बहुतेक पुण्या-मुंबईत शिकलेले. दोघे तर इतिहासाची पुस्तकं झपाटल्यासारखी वाचणारे. डचांबद्दल आमची माहिती वेंगुर्ल्याच्या वखारीपासून सुरू होऊन शिवाजीमहाराजांच्या काळातल्या पत्रव्यवहारापाशी संपणारी. बांद्याबद्दल आम्हा नऊजणांना काही म्हणता काही माहीत नव्हतं, आणि ज्या पोरीला आपण 'मुळांची ओळख' करून द्यायला निघालो होतो तिला ते शाळेच्या बाकावर बसून कळलं होतं.

त्या रात्री मी वाचायला बसलो. जे कळलं ते थोडक्यात असं.

जायफळाचं झाड मूळचं बांदा बेटांवरचं. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगाला लागणारं जायफळ आणि जायपत्री ही जवळपास सगळी या चिमूटभर बेटांवरून जात असे. आपल्याकडे 'जातिफल' हा संस्कृत शब्द डच यायच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे. म्हणजे जायफळ 'जगाच्या स्वयंपाकघरात' आधीच पोचलेलं होतं. बांद्याचे लोक स्वतः दर्यावर्दी व्यापारी होते. जावा, मलाया, गुजरात इथल्या जहाजांशी त्यांची देवघेव होती. त्यांना राजा नव्हता, 'ओरांग काया' म्हणवणारे गावोगावचे प्रतिष्ठित प्रमुख कारभार बघत.

डच पहिल्यांदा आले १५९९ मध्ये. त्यांना एकट्यालाच माल विकायचा, असे करार त्यांनी प्रमुखांकडून लिहून घेतले. बांदेकरांनी (हा शब्द सिंधुदुर्गवाल्यांचा, पण मला आवडला) ते फारसे मनावर घेतले नाहीत. जास्त भाव देणारा जावाचा किंवा इंग्रजांचा माणूस आला की त्याला माल विकत. बेटांवर अन्न पुरेसं पिकत नसे. तांदूळ, साबुदाणा बाहेरून यायचा. एकाच गिऱ्हाइकाशी बांधून घेणं त्यांना परवडणारंच नव्हतं. १६०९ मध्ये फरहूफन नावाच्या डच आरमारप्रमुखानं नेरावर किल्ला बांधायला घेतला. वाटाघाटींसाठी बोलावून बांदेकरांनी त्याला आणि त्याच्या माणसांना मारलं. त्या मोहिमेत यान पीटरसोन कून नावाचा एक तरुण कारकून-व्यापारी होता.

बारा वर्षांनी तो गव्हर्नर-जनरल होऊन मोठं आरमार घेऊन परत आला. १६२१ च्या वसंतात त्यानं लोंतोर हे सगळ्यांत मोठं बेट घेतलं. ८ मे रोजी ४४ प्रमुखांना कंपनीच्या जपानी भाडोत्री सैनिकांनी तलवारीनं कापलं. गावं जाळली गेली. डोंगरात पळालेली माणसं उपासमारीनं मेली, काहींनी कड्यांवरून उड्या घेतल्या, शेकडो लोक गुलाम करून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेले गेले. सुमारे १५,००० वस्तीपैकी हजारभर उरले असा अंदाज दिला जातो. काही होड्यांतून निसटले आणि केई बेटांवर जाऊन राहिले. तिथे बांदा एली आणि बांदा एलात ही गावं आजही आहेत, आणि बांद्याची मूळ भाषा आज तिथेच बोलली जाते. खुद्द बांद्यावर ती उरली नाही.

रिकाम्या झालेल्या बेटांवरच्या जायफळाच्या रायांचे कंपनीनं ६८ तुकडे पाडले आणि ते आपल्या माजी नोकरांना, सैनिकांना दिले. माल ठरल्या भावानं कंपनीलाच घालायचा. राबायला विकत घेतलेली माणसं आणली. ती द्वीपसमूहातल्या इतर बेटांवरून आली, तशी हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरूनही. गुजरात, मलबार, कोरोमंडल ही नावं त्यात आहेत.

'शिस्त लावली' या दोन शब्दांत मी एवढं सगळं घातलं होतं.

आणखी एक चूक लगेच सापडली. 'येथे आलेल्या चित्रकाराने' हे साफ खोटं. विंकबोन्स आशियात कधी गेलाच नव्हता. इतरांनी आणलेले नकाशे आणि रेखाटनं यांवरून तो अॅम्स्टरडॅममध्ये बसून चित्रं करी. चित्र पाहिल्यावर कुणीतरी डोंगरावर उभं राहून हे काढलंय असं मला वाटलं, आणि वाटलं ते लिहून टाकलं.

समोरचे पर्याय

दोन दिवसांनी तातडीची बैठक झाली. व्हिडिओ कॉलवर, मुलं झोपल्यावर, चहाचे कप हातात घेऊन. चार सूचना आल्या.

खजिनदारांची सूचना सरळ होती : चित्र काढून टाका. "अहो, गणपतीत कत्तल कसली लावताय? शेजारी नैवेद्याचं ताट आहे." या म्हणण्याला वजन होतं. लोक वर्षातून एकदा नटूनथटून येतात. कुणाच्या घरी नुकतं बाळ झालेलं असतं. कुणी महाराष्ट्रात आईवडील सोडून आलेलं असतं, दोन तास जरा बरं वाटावं म्हणून.

दुसरी सूचना : बांद्याऐवजी रायबाग मोठं करा. ही सगळ्यांना पटण्यासारखी होती आणि म्हणूनच मला धोक्याची वाटली. 'सतराव्या शतकात डचांच्या बैठकीच्या खोलीत आपलं गाव' ही पाटी लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. टाळ्याही पडल्या असत्या. पण मग देखाव्याचा विषय जायफळ उरत नव्हता, आणि ते गाव त्या खोलीत का टांगलं होतं हा प्रश्नही गुलदस्त्यात राहत होता.

तिसरी : चित्र ठेवा, खाली फक्त नाव, साल, संग्रहालय. ज्याला हवं तो शोधेल. वादही नाही, खोटंही नाही. मला वाटतं, निम्मी संग्रहालयं असंच करत आली आहेत.

चौथी : चित्र ठेवा आणि काय झालं ते लिहा.

खरी चर्चा पहिल्या आणि चौथ्या सूचनेत झाली. ती फिरवली आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकांनी. ते म्हणाले, "मंगल प्रसंग, मंगल प्रसंग काय करताय? १८९३ मध्ये गणपती रस्त्यावर आणला तो कशासाठी? मेळ्यांत काय फक्त आरत्या म्हणत होते?" मुलीच्या प्रोजेक्टमधली एक गोष्ट मी तिथे सांगितली : कूनच्या जन्मगावी, होर्नला, त्याचा पुतळा उभारला तोही १८९३ मध्येच. २०११ मध्ये एका क्रेनचा धक्का लागून तो पडला. पुन्हा बसवायचा की नाही यावर वाद होऊन शेवटी पुतळा ठेवला आणि पाटी बदलली. म्हणजे आम्ही ज्यावर घोळ घालत होतो त्यावर हा देश आमच्या आधीपासून घोळ घालत होता. या वादात आपण परके नाही, एवढं त्यामुळे समितीला पटलं. खजिनदारांनी एकच अट घातली : पाटी लहान मुलाला वाचून दाखवता आली पाहिजे. ही अट फार उपयोगी ठरली.

मधेच एक पाचवी कल्पना आली होती, ती माझी. चित्रासमोर ४४ जायफळं मांडायची. मी तिच्या प्रेमातच पडलो होतो. ती हाणून पाडली माझ्या बायकोनं. एक तर गणपतीसमोर मांडलेली जायफळं म्हणजे पूजेचं साहित्यच वाटणार, लोक वर हळदकुंकू वाहतील. दुसरं म्हणजे ४४ फक्त प्रमुख. बाकी हजारोंचं काय, ते मोजणीत नाहीत म्हणून सोडून द्यायचे? मी गप्प बसलो.

'जायफळाच्या बेटाबदली न्यूयॉर्क' ही गोष्टही अनेकांना हवी होती. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात बांद्यातलं रुन बेट डचांकडे आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं, हे खरंच आहे. पण दोघांनी आपापल्या हातात होतं ते ठेवलं, असा तो तह होता. बाजारात वस्तू बदलावी तशी अदलाबदल नव्हती. आणि ही गोष्ट पाटीवर आली की वाचणारा तीच लक्षात ठेवून जातो. दोन युरोपी कंपन्यांची घासाघीस उरते, बेटावरची माणसं पुन्हा गायब. ती आम्ही मुलांच्या प्रश्नमंजूषेत टाकली.

शब्दांची निवड

पाटी लिहिताना खरा घाम फुटला तो तीन-चार शब्दांपाशी.

ज्यांना जमिनीचे तुकडे मिळाले त्यांना डचमध्ये 'पेर्केनीर' म्हणत. मराठीत काय म्हणायचं? 'शेतकरी' म्हटलं तर डोळ्यांसमोर भलताच माणूस उभा राहतो. एका रत्नागिरीकर सभासदानं 'खोत' सुचवलं. ऐकायला चपखल. पण खोताच्या हाताखालचं कूळ कितीही पिचलेलं असलं तरी ते त्याच गावचं, त्याच जमिनीवर पिढ्यान् पिढ्या नांदलेलं. बांद्यावर तर जमिनीवरची माणसं आधी संपवली आणि दुसरी विकत आणली. खोत म्हटलं की आपल्या ओळखीचा जुलूम डोळ्यांपुढे येतो आणि वाचणारा 'हं, कळलं' म्हणून पुढे सरकतो. शेवटी साधा 'मळेदार' घेतला.

'मजूर' की 'गुलाम' यावर फार वेळ गेला नाही. 'व्यापार' या शब्दावर मात्र गेला. एकच गिऱ्हाईक, त्यानं ठरवलेला भाव, आणि दुसऱ्याला विकलं तर तोफा. याला व्यापार म्हणावं का? मी 'मक्तेदारी' लिहिलं. खजिनदार म्हणाले, लहान मुलाला कळणार नाही. मग 'दुसऱ्या कुणाला विकायची बंदी' असं फोड करून लिहिलं. ते जास्त बरं झालं.

१५,००० हा आकडा द्यावा की नाही, यावरही घोळ झाला. तो अंदाज आहे, शिरगणती नाही. एक सभासद म्हणाले, अंदाज असेल तर नकोच, कुणी आक्षेप घेतला तर? उलट बाजूनं मुद्दा आला की ४४ लिहायचे आणि बाकीच्यांचा आकडाच नाही, हेही खोटंच. 'सुमारे' लावून आकडा ठेवला.

सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय होता चित्राला काय म्हणायचं हा. मी आधी 'बेटाचं चित्र' म्हणत होतो. पण हे चित्र बेटावर कुणी पाहिलं नव्हतं, बेटावर काढलं नव्हतं, बेटासाठी नव्हतं. ते ज्या भिंतीवर होतं तिथे बसणाऱ्यांनी बेट कधी पाहिलेलं असायची गरजच नव्हती. एवढ्या उंचीवरून पाहिलं की बेटाची मांडणी दिसते, माणसाचा चेहरा दिसत नाही, आणि बैठकीत बसलेल्याला मांडणीच हवी असते. काका म्हणाले, "म्हणजे हा सातबारा आहे. फ्रेम करून लावलेला." पाटीवर हा शब्द घेतला नाही, कारण इथल्या मुलांना सातबारा समजावत बसलो असतो तर चित्र राहूनच गेलं असतं. पण त्या शब्दानंतर पाटी कुठून सुरू करायची ते मला कळलं. बेटापासून नको, खोलीपासून.

काय केलं

अंतिम पाटी अशी लागली :

"बांदा नेरा, इंडोनेशिया. तैलचित्र, सुमारे १६६२-६३. हे चित्र अॅम्स्टरडॅममध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकांच्या बैठकीच्या खोलीत होतं. काढणारा बेटावर कधी गेला नव्हता. त्या काळी जायफळ फक्त या बेटांवर पिकत असे. बेटावरचे लोक ते हवं त्याला विकत. कंपनीला ते चालेना. १६२१ मध्ये कंपनीनं बेटं जिंकली, ४४ प्रमुखांना ठार केलं. सुमारे १५,००० माणसं इथे राहत होती, त्यांतली फार थोडी उरली. मग जमीन मळेदारांना वाटली. राबायला गुलाम आणले, काही आपल्या देशाच्या किनाऱ्यावरून. दुसऱ्या कुणाला जायफळ विकायची बंदी झाली. हे चित्र त्यानंतर चाळीस वर्षांनी काढलं आहे."

रायबागचं चित्र शेजारी, निम्म्या आकारात लावलं. त्याच्या खाली दोनच ओळी. चित्रं नैवेद्याच्या टेबलापासून उचलून दाराजवळच्या भिंतीवर नेली. ही खजिनदारांची सूचना, आणि मी ती मुकाट्यानं मानली. मसाल्यांच्या टेबलावर सालासकट जायफळ, सुटी जायपत्री आणि सहाण ठेवली होती. बाळगुटी उगाळून दाखवायला एक आजी बसल्या. आजींनी मैदान मारलं हे सांगायलाच नको. जायपत्रीला डचमध्ये 'फूली' म्हणतात हे कळल्यावर पोरांना कोण आनंद झाला.

काय झालं

भीती होती तसा गदारोळ झाला नाही. बहुतेकांनी चित्रासमोर उभं राहून फोटो काढले. दोन मीटर रुंद निळं पाणी आणि जहाजं, पैठणीच्या पार्श्वभूमीला उत्तम. पाटी वाचली असेल चौथ्या-पाचव्या माणसानं.

ज्यांनी वाचली त्यांतल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "हे बरोबर आहे, पण आज नको होतं." मी वाद घातला नाही. एका तरुण बाईनं विचारलं, "मग आता जायफळ वापरायचं नाही का?" तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. मी म्हणालो, आता जायफळ केरळातून येतं, ग्रेनाडातून येतं, दापोलीच्या विद्यापीठानं तर कोकणासाठी जायफळाच्या जातीसुद्धा काढल्यात. हे सगळं खरं, पण तिनं विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं, ते आम्हा दोघांनाही कळलं.

चिकोडीकडचं एक कुटुंब रायबागपाशी अर्धा तास होतं. मुलाला उचलून दाखवत होते, "हे बघ, तुझ्या आजोळच्या शेजारचं." ते पाहून रायबाग लहान लावल्याचं मला वाईट वाटलं. मोठं लावलं असतं तर काय झालं असतं, हेही दिसलं.

हॉलच्या व्यवस्थापक बाईंचं घराणं मालुकूचं, म्हणजे बांदा ज्या द्वीपसमूहात मोडतं तिथलं. १९५१ मध्ये डच वसाहती सैन्यातले मालुकी सैनिक आणि त्यांची कुटुंबं मिळून साडेबारा हजार माणसं जहाजांनी इथे आली आणि जुन्या छावण्यांत राहिली, त्यांतल्या एका घरातल्या. मी आदल्या दिवशी मोठ्या अदबीनं त्यांना पाटीचा मजकूर डचमध्ये सांगून विचारलं होतं, हे ठीक आहे ना? त्या म्हणाल्या, "माझे आजोबा सापारुआचे. बांदा माझं बेट नाही. तुम्ही मला कशाला विचारता?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "तारीख घातलीत का?" तारीख नव्हती घातली, फक्त साल. रात्री घरी जाऊन ८ मे घालायला वेळ होता. मी नवीन पाटी छापायचा कंटाळा केला.

पुन्हा करायचं तर

सगळ्यांत मोठी चूक पाटीच्या मजकुरात नव्हतीच, लिपीत होती. पाटी फक्त देवनागरीत. 'लहान मुलाला वाचून दाखवता आली पाहिजे' ही अट आम्ही कसोशीनं पाळली, पण इथल्या मुलांपैकी किती जणांना ती स्वतः वाचता येईल हे नऊजणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुपारी दोनच्या सुमारास त्या पंधरा वर्षांच्या मुलीनं हे पाहिलं आणि चित्राशेजारी उभी राहून ती डचमध्ये सांगू लागली. तिच्याभोवती पोरांचं कोंडाळं जमलं, मग त्यांचे डच मित्र, मग शेजारपाजारचे पाहुणे. पाटीपेक्षा जास्त लोकांपर्यंत ते तिच्यामुळे गेलं. डच मजकूर आधीच छापायला हवा होता. त्याहीपेक्षा, तिला मसुद्याच्या बैठकीत बसवायला हवं होतं. तिची शंका आम्ही घेतली, तिला मात्र घेतलं नाही.

जागेचा निर्णय मी आज वेगळा घेईन. दाराजवळ गर्दी होते, चपला काढायची घाई असते. नैवेद्यापासून दूर नेणं समजण्यासारखं होतं, पण जायफळाच्या टेबलापासूनही ते तुटलं. आजी एका टोकाला गुटी उगाळत होत्या आणि बेट दुसऱ्या टोकाला. दोन्ही एकत्र असती तर त्या तरुण बाईच्या प्रश्नाला तिथेच, सहाणेवर, काहीतरी बोलता आलं असतं. केई बेटांवरची दोन गावंही पाटीत यायला हवी होती. ती जागेअभावी गाळली, आणि त्यामुळे गोष्ट अशी वाचली गेली की बांदेकर संपले. ते संपलेले नाहीत.

आणि तिसऱ्या पर्यायाबद्दल, फक्त नाव आणि साल, माझं मत अजून पक्कं नाही. तसं केलं असतं तर त्या गृहस्थांना बरं वाटलं असतं आणि मुलगी तरीही चित्राशेजारी उभी राहिली असती. कदाचित जास्त मोकळेपणानं बोलली असती, मराठी पाटीशी जुळवून घेण्याची गरज नसल्यामुळे. पण ती आजारी पडली असती तर?

पुढच्या वर्षी समितीनं पंढरीची वारी घेतली. बांद्याचं कापड गुंडाळून सचिवांच्या गॅरेजमध्ये होतं, ते आता मराठी शाळेच्या कपाटात आहे. मागच्या बाजूला त्या मुलीनं डच मजकूर चिकटवला आहे. तिनं तारीख घातली आहे.